रंगांची मोजदाद

म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात जलरंगातील एक चित्र आहे. एक तरुणी हातात दिवा घेऊन उभी आहे. एका हाताने तिने दिवा धरला आहे आणि दुसऱ्या हाताचा तळवा ज्योतीच्या आड केला आहे. वाऱ्याने ज्योत विझू नये एवढाच तिचा हेतू. परंतु त्या एका साध्या हालचालीने चित्रातील सारा प्रकाश तिच्या तळहातात येऊन साठला आहे. बोटांच्या कडा आतून उजळल्यासारख्या तांबूस झाल्या आहेत, चेहऱ्यावर मंद सोनेरी आभा पसरली आहे आणि तोच प्रकाश मागे विरत विरत अंधारात मिसळून गेला आहे. उजेड कोठे संपला आणि अंधार कोठे सुरू झाला, हे बोट ठेवून दाखविता येत नाही. चित्राचे सारे सामर्थ्य या न दाखविता येणाऱ्या सीमेत आहे.

हे चित्र सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे. त्यांचा जन्म १८८२ सालचा, सावंतवाडीचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतले. १९०८ साली त्यांनी मुंबईत स्वतःची चित्रशाळा काढली आणि जलरंगांवरील प्रभुत्वासाठी देशभर नाव मिळविले. 'ग्लो ऑफ होप' या नावाने ओळखले जाणारे हे चित्र त्यांनी १९४५-४६च्या सुमारास काढले. दिवा घेऊन उभी राहिली होती ती त्यांची स्वतःची कन्या. जलरंग हे माध्यम मोठे कठोर आहे. तैलरंगात चुकलेला भाग झाकून पुन्हा रंगविता येतो. पारदर्शक जलरंगात ती सोय नाही. तेथे उजेड रंगाने आणावयाचा नसतो. कागदाचा मूळचा पांढरेपणा राखून ठेवावयाचा असतो आणि त्याच्याभोवती एकावर एक पातळ थर देत अंधार गडद करीत न्यावयाचा असतो. अशा थरांतून किती छटा निर्माण होतात, त्यांची गणती चित्रकार करीत नाही आणि पाहणाराही करीत नाही.

गणतीचा प्रश्न उभा राहतो तो चित्राची नक्कल करावयाची ठरल्यावर. सरकारी कचेरीत दस्तऐवजाची नक्कल दिली जाते तेव्हा मुळाशी ताडून पाहून तिच्यावर 'सत्यप्रत' असा शिक्का मारला जातो. अक्षरे मोजकी असल्यामुळे ते शक्य होते. मूळ चित्रात मात्र छटांची गणती नाही, आणि नक्कल करणाऱ्यापाशी असलेल्या छटा नेहमीच मर्यादित असतात. म्हणून चित्राची प्रत्येक नक्कल हा एक करार असतो : इतक्या छटा ठेवू, उरलेल्या सोडून देऊ. हा करार कोण करतो, कोणत्या अडचणीपोटी करतो आणि पाहणाऱ्याला त्याची वार्ता तरी असते काय, हा प्रश्न दीडशे वर्षांत वारंवार उपस्थित झाला आहे. पूर्वी तो शिळाछापखान्यात सुटत असे. आता संगणकाच्या पडद्यामागे सुटतो. तेथे त्याला 'कलर डेप्थ', म्हणजे रंगांची खोली, असे नाव आहे.

शिळाछापाची कला आलोइस सेनेफेल्डर याने बव्हेरियात अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधून काढली. गुळगुळीत चुनखडी दगडावर तेलकट शाईने आकृती काढावी, दगड ओला करावा आणि वर शाईचा रूळ फिरवावा. पाणी शाईला दूर ठेवते, तेलकट रेघ तिला धरून ठेवते. १८३७ साली गोदफ्रॉय एंगेलमान याने या कृतीने रंगीत चित्रे छापण्याचे पेटंट घेतले. त्याची युक्ती समजावयास सोपी, परंतु आचरावयास अवघड होती. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा, आणि एकच कागद प्रत्येक शिळेखालून नेमक्या त्याच जागी बसवून काढावयाचा. शिळा जितक्या अधिक तितक्या छटा अधिक, आणि श्रम व खर्चही तितकाच अधिक.

या कलेचा हिंदुस्थानातील प्रसार एका मराठी गृहस्थाच्या सूचनेशी जोडलेला आहे. सर टी. माधवराव हे तंजावरच्या मराठी परंपरेतील मुत्सद्दी. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे ते दिवाण होते. राजा रविवर्मा यांच्या चित्रांना वाढती मागणी आहे आणि एका हाताने ती पुरविणे शक्य नाही, हे पाहून त्यांनी निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांचे ओलिओग्राफ करवून आणावेत असे सुचविले. रविवर्म्यांनी पुढे एक पाऊल टाकले. १८९४ साली त्यांनी मुंबईत गिरगावास स्वतःचा छापखाना उभारला. यंत्रे व तंत्रज्ञ जर्मनीतून आणले. 'शकुंतलाजन्म' हे तेथून निघालेले पहिले चित्र. कालांतराने छापखाना लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. १९७२ साली तो आगीत जळाला. परंतु तोपर्यंत तेथील लक्ष्मी आणि सरस्वती महाराष्ट्रातील असंख्य घरांच्या भिंतींवर येऊन बसल्या होत्या.

रविवर्म्यांनी म्हैसूर दरबारासाठीही चित्रे काढली; त्यांची मूळ तैलचित्रे जगन्मोहन राजवाड्यातील संग्रहात आहेत. असे मूळ चित्र आणि त्यांच्या छापखान्यातील एखादी जुनी प्रत शेजारी ठेवून पाहिली, तर कराराची कलमे डोळ्यांसमोर येतात. मुळात गालावरचा प्रकाश अखंड उतरत जातो. प्रतीत तो बारीक ठिपक्यांनी साधलेला असतो. ठिपके दाट तेथे रंग गडद, विरळ तेथे फिका. शिळेवर हे ठिपके देणाऱ्या कारागिराला ठाऊक होते की, आणखी एका छटेसाठी आणखी एक शिळा मिळणार नाही. म्हणून आहे त्याच रंगाचे ठिपके विखरून तो डोळ्याला नसलेली छटा दाखवीत असे. ही फसवणूक खरी. परंतु ती प्रामाणिक कारागिराची फसवणूक होती, आणि तिच्यामुळेच सामान्य माणसाला चार पैशांत रंगीत चित्र मिळाले.

शिळांची संख्या कमी करावयाची तर रंगाचे मूळ घटक शोधणे आवश्यक होते. मानवी डोळा तीन प्रकारच्या संवेदनांतून सर्व रंग जाणतो, ही कल्पना टॉमस यंग याने १८०२ मध्ये मांडली. जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने १८६१ साली लंडनला ती पडद्यावर सिद्ध करून दाखविली. एका रंगीबेरंगी फितीची तीन छायाचित्रे लाल, हिरव्या आणि निळ्या काचांतून घेऊन त्याने ती त्याच रंगांच्या प्रकाशात एकावर एक पाडली, आणि फितीचे रंग प्रकट झाले. त्याच १८६१ साली म्हैसुरात तिसरे कृष्णराज वडियार यांनी जगन्मोहन राजवाडा बांधून घेतला, हा एक मनोरम योगायोग. छपाईच्या क्षेत्रात हे तत्त्व त्रिरंगी ठशांच्या रूपाने आले, आणि त्या ठशांच्या कामात आरंभी शिरलेल्या मराठी माणसांत दादासाहेब फाळके होते. रविवर्म्यांच्या छापखान्यात काम केल्यावर त्यांनी स्वतःचा छापखाना काढला आणि १९०९ साली छपाईचे नवे तंत्र व यंत्रे पाहण्यासाठी ते जर्मनीला गेले. 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतरचा, १९१३चा. अनेक शिळांची जागा तीन घटकांनी घेतली, ही रंगांच्या इतिहासातील मोठी काटकसर होती. संगणकाने पुढे तीच उचलली.

संगणकाचा पडदा हा बारीक बिंदूंचा समूह आहे. या बिंदूंची कल्पना यावयास म्हैसूरच्याच दुसऱ्या राजवाड्याकडे पाहावे. जुना लाकडी राजवाडा १८९७ साली जळाल्यावर हेन्री आयर्विन याच्या आराखड्यानुसार बांधलेला हा वाडा १९१२ साली पूर्ण झाला. दसऱ्याच्या रात्री त्यावर सुमारे एक लाख दिवे उजळतात. प्रत्येक दिव्याच्या दोनच अवस्था : पेटलेला किंवा विझलेला. तरीही कमानी, मनोरे आणि घुमट यांची रेखाकृती अंधारात स्पष्ट उमटते. संगणकाच्या भाषेत ही एका बिटची खोली झाली. एक बिट म्हणजे 'होय' किंवा 'नाही' असे एक उत्तर. एका बिटने राजवाड्याची रेषा दाखविता येते. परंतु हळदणकरांच्या चित्रातील बोटांचा तांबूसपणा दाखविता येत नाही.

प्रत्येक बिंदूसाठी एकेक बिट वाढवीत गेले की रंगांची संख्या दुप्पट होते. दोन बिटांत ४, चारांत १६, आठांत २५६, सोळांत ६५,५३६ आणि चोवीस बिटांत १,६७,७७,२१६. झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधनकेंद्रात रिचर्ड शूप याने १९७३ साली 'सुपरपेंट' ही यंत्रणा चालू केली. तिच्यात प्रत्येक बिंदूला आठ बिट होते. ते प्रयोगशाळेचे वैभव होते. घरात आणि कचेरीत पोचलेल्या यंत्रांची स्थिती निराळी होती. १९८१ साली आयबीएमच्या वैयक्तिक संगणकावर ३२० गुणिले २०० बिंदूंच्या चित्रात एका वेळी चारच रंग दिसत. कारण साधे होते. इतक्या बिंदूंना प्रत्येकी दोन बिट दिले की १६,००० बाइट लागतात, आणि चित्रासाठी ठेवलेली स्मृती १६,३८४ बाइटांची होती. १९८४च्या मॅकिंटॉशवर बिंदू काळा किंवा पांढरा, एवढेच. त्याच वर्षी आयबीएमने ६४ रंगांतून निवडलेले १६ रंग दिले. १९८७ साली लहान चित्रासाठी २,६२,१४४ रंगांतून निवडलेले २५६ रंग एकाच वेळी दाखविण्याची सोय झाली.

येथे शिळाछापखान्यातला जुना हिशेब नव्या रूपाने पुढे आला. शिळांच्या जागी स्मृती महाग होती. दहा लाख अठ्ठेचाळीस हजार पाचशे शहात्तर बाइटांची, म्हणजे एक मेगाबाइटची स्मृती असलेले चित्रकार्ड घेतले, तर १,०२४ गुणिले ७६८ बिंदूंचा पडदा २५६ रंगांत मावतो. ८०० गुणिले ६०० बिंदूंचा ६५,५३६ रंगांत मावतो. आणि पावणेदोन कोटींच्या जवळपास जाणारे रंग हवे असतील, तर ६४० गुणिले ४८० बिंदूंवर समाधान मानावे लागते. बारकावा हवा की छटा, यांपैकी एक निवडा, असा तो सौदा. एकोणिसशे नव्वदच्या दशकात संगणक वापरणाऱ्या असंख्य लोकांनी हा सौदा केला. पुष्कळांना आपण तो करीत आहोत याची जाणीवही नव्हती.

कारण तो सौदा प्रत्यक्षात दुसराच कोणी पार पाडीत होता. संगणकाची मुख्य कार्यप्रणाली आणि चित्रकार्ड यांच्यामध्ये एक लहानसा कार्यक्रम बसलेला असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. नाव सारथ्याचे असले, तरी काम दुभाष्याचे आहे. दरबारात दोन भाषांचे सरदार समोरासमोर आले म्हणजे दुभाषी सांगेल तेवढेच एकाचे दुसऱ्याला कळावे, तसा हा प्रकार. कार्यप्रणाली विचारते, 'तुझ्याकडे किती खोलीचे रंग आहेत?' कार्डाच्या वतीने उत्तर ड्रायव्हर देतो. तो आठ म्हणाला तर आठ, चोवीस म्हणाला तर चोवीस. कार्डात सामर्थ्य असूनही त्याचा ड्रायव्हर उपलब्ध नसला, तर १९९५च्या विंडोजसारखी कार्यप्रणाली सर्वांना चालेल अशा सामान्य ड्रायव्हरवर काम भागवी, आणि पडद्यावर केवळ सोळा रंग उरत. यंत्र नवे, पडदा नवा, आणि चित्र मात्र जत्रेतल्या पताकांसारखे भडक, असा अनुभव त्या काळी सार्वत्रिक होता.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशाळेत १९८४ साली जन्मलेल्या 'एक्स' या चित्रप्रणालीत या अडचणीचे आणखी एक रूप दिसे. आठ बिटांच्या पडद्यावर एका वेळी २५६ रंगांचीच एक रंगपाटी असे. एका चौकटीतील चित्राने आपली स्वतंत्र रंगपाटी मागितली की त्या चित्राचे रंग बरोबर दिसत. परंतु शेजारच्या चौकटींतील माणसे एकाएकी हिरवी-जांभळी होत. बाण दुसऱ्या चौकटीवर नेला की ती पूर्ववत होत आणि पहिले चित्र बिघडे. पुढे तीन घटकांना ठराविक वाटणी देण्याची पद्धत रूढ झाली. सोळा बिटांपैकी लाल व निळ्याला पाच-पाच आणि हिरव्याला सहा, कारण उजेडातील फरक डोळा हिरव्या भागात अधिक सूक्ष्मतेने टिपतो. या असमान वाटणीचा परिणाम असा की, शुद्ध करड्या रंगाच्या उतरत्या पट्ट्यातही कोठे हिरवी तर कोठे गुलाबी झाक डोकावे. चोवीस बिटांत ही वाटणी आठ-आठ-आठ अशी समान झाली. हिशेबाच्या सोयीसाठी प्रत्येक बिंदूला बत्तीस बिटांची जागा देऊन त्यांतील आठ रिकामे ठेवण्याचा प्रघात पडला. त्यामुळे 'चोवीस' आणि 'बत्तीस' यांत रंगांचा काही फरक असतो, असा गैरसमज पुष्कळ दिवस टिकला.

रंग कमी असताना छटा दाखविण्याची शिळाकारागिराची युक्तीही संगणकाने पुन्हा शोधली. रॉबर्ट फ्लॉइड आणि लुई स्टाइनबर्ग यांनी १९७६ साली तिचे गणित प्रसिद्ध केले. बिंदूला हवी ती छटा देता आली नाही, तर जेवढा फरक राहिला तेवढा शेजारच्या बिंदूंवर टाकावयाचा, खतावणीत बाकी पुढे ओढावी तसा. एकेक बिंदू चुकतो. परंतु समूहाचा जमाखर्च जुळतो. मळवलीच्या कारागिराने हेच नजरेच्या अंदाजाने केले होते.

आज एवढ्या कोटी रंगांचे पडदे हातातल्या फोनवर आले असताना हा इतिहास संपला असे वाटेल. तो संपलेला नाही, याची साक्ष हळदणकरांचेच चित्र देते. चोवीस बिटांत प्रत्येक घटकाला २५६ पायऱ्या असतात. परंतु अंधाराकडे झुकणाऱ्या चित्राच्या वाट्याला त्यांतील थोड्याच येतात. समजा, भिंतीवरचा प्रकाश विरत जाण्यासाठी चाळीस पायऱ्या मिळाल्या आणि तो भाग पडद्यावर हजार बिंदू रुंद असला, तर एकेक पायरी पंचवीस बिंदूंची होते. मग अखंड उतार राहत नाही. ज्योतीभोवती फिक्या वलयांची माळ दिसू लागते. एर्न्स्ट माख याने १८६५ सालीच दाखविले होते की, दोन लगतच्या छटांमधील कडा डोळा आहे त्याहून ठळक करून पाहतो. त्यामुळे गणिताने नगण्य ठरलेली पायरीही नजरेला खुपते.

यावर उपाय म्हणून प्रत्येक घटकाला दहा बिट, म्हणजे एकूण तीस, देणारी साधने निघाली आहेत; त्यांत १,०७,३७,४१,८२४ रंग मावतात. परंतु येथेही दुभाष्यांची साखळी आहे. चित्र दाखविणारा कार्यक्रम, कार्यप्रणाली, ड्रायव्हर, जोडणीची तार आणि पडदा या सर्वांनी दहा बिट मान्य केले, तरच ते डोळ्यापर्यंत पोचतात. त्यांतील एकाने आठ म्हटले की उरलेल्यांचे औदार्य वाया जाते. शिवाय काही पडदे मुळात सहाच बिटांचे असून, दोन लगतच्या छटा वेगाने आलटून पालटून दाखवीत आठ बिटांचा आभास निर्माण करतात. पाहणाऱ्याला यातले काहीच सांगितले जात नाही.

न सांगण्याची ही सवय केवळ रंगांपुरती राहत नाही. हळदणकरांचे हे चित्र कित्येक वर्षे अनेकांनी रविवर्म्यांचे म्हणून पाहिले, आणि आजही ते तसे पुढे धाडले जाते. ते रविवर्म्यांच्या चित्रांच्याच वास्तूत आहे, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण नकलांच्या स्वभावात आहे. नकलेवरून नक्कल निघत गेली की छटा गळतात, कडेची सही गळते, माध्यम कोणते हे कळेनासे होते. तैलरंग की जलरंग, हा भेदच पुसला गेला म्हणजे जलरंगात आयुष्य घालविलेल्या माणसाचे नाव पुसले जाणे फारसे दूर राहत नाही.

म्हणून चांगल्या संग्रहालयांत चित्राची संगणकीय प्रत घेतली जाते, तेव्हा चित्रकाराचे नाव, साल आणि माध्यम यांच्यासोबत ती प्रत किती बिटांची आहे हेही नोंदविले जाते, आणि चित्राशेजारी प्रमाणित रंगांची पट्टी ठेवून छायाचित्र काढले जाते. अशी प्रत मुळाची जागा घेत नाही. परंतु आपण कोठे थांबलो हे ती लपवीत नाही. सत्यप्रतीच्या शिक्क्याचा खरा अर्थ चित्राच्या बाबतीत एवढाच असू शकतो. राहिलेल्या छटांसाठी म्हैसूरला जावे लागते. तेथे, १८६१च्या त्या वास्तूत, हळदणकरांच्या लेकीने ज्योतीआड धरलेला हात अजून तसाच आहे, आणि त्याच्या बोटांमधून गाळून येणाऱ्या उजेडाला पायऱ्या नाहीत.